मोटार घ्यावी, पण कोणती?

मोटार घेणे हे आपल्याकडे अजूनही घर बांधणे आणि लग्न ठरवणे यांच्याच पंगतीतले कार्य आहे. विषय निघायचा अवकाश, की ज्यांनी जन्मात सायकलखेरीज काही हाकलेले नाही तेही सल्ला द्यायला सरसावतात. सगळ्यांचे प्रश्नही ठरलेले. लिटरला किती देते? माणसे किती मावतात? पाच वर्षांनी विकली तर किती येतील? तिन्ही प्रश्न शहाणपणाचे आहेत, त्यांना मी नावे ठेवीत नाही. पण चौथा एक प्रश्न आहे, तो घरात कोणी विचारीत नाही. विचारलाच तर कॉलेजातली पोरे विचारतात आणि वडीलमंडळी हसतात. तो प्रश्न म्हणजे, 'चालवायला कशी आहे?'

या चौथ्या प्रश्नाची वकिली करायला मी आज बसले आहे. शर्यतीचा शौक मला नाही. माझे वय सत्तेचाळीस, उंची पाच फूट एक इंच, डोळ्यांना चष्मा. राहते मारेगावात आणि वणीच्या एका शाळेत गणित शिकवते. घरात आम्ही चौघे: हे, मी, नववीतला मुलगा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. थोरली नागपूरला शिकते, ती सुट्टीत आली की पाच. यांना मोटार चालवता येत नाही, शिकायची इच्छाही नाही. मात्र मोटारींविषयी बोलायला फार आवडते. तेव्हा चाकावर बसणार ती मीच.

गरज कशी पडली तेही सांगते. सासूबाईंच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. दर दीड-दोन महिन्यांनी नागपूरला नेऊन डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागते. तारीख चुकवायची नाही, असे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. एकदा ऐन लग्नसराईत ठरवलेली भाड्याची गाडी आली नाही, सासूबाईंना नेमका ताप भरल्याने एस.टी.चा प्रवासही जमेना, आणि तारीख बारा दिवस लांबली. त्या बारा दिवसांत उजव्या डोळ्याची जी नजर गेली ती परत आली नाही. त्याच आठवड्यात घरात ठरले, की मोटार घ्यायची. हिशेब मांडला: रस्त्यावर येईपर्यंत नऊ लाख, त्यावर एक पैसा नाही.

आता आमचा रस्ता. मारेगाव हे वणी-करंजी रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. पूर्वेला वणी, म्हणजे कोळशाच्या खाणी, म्हणजे कोळशाचे ट्रक. पश्चिमेला करंजीला नागपूर-हैदराबाद महामार्ग लागतो. जुन्या माणसांचा सात नंबरचा रस्ता, आता त्याला ४४ म्हणतात. दिवाळीनंतर कापूस निघाला की वणीच्या बाजाराकडे ट्रॅक्टर आणि बैलबंड्या निघतात. बंडीवर कापूस असा रचलेला, की मागून बैल दिसत नाहीत, आणि मागे दिवा तर नसतोच. रात्री रोही आणि रानडुकरे रस्ता ओलांडतात. पांढरकवड्याकडे टिपेश्वरचे अभयारण्य आहे, तिथे वाघ आहेत. वाघ अजून माझ्या वाटेत आला नाही, रोही मात्र चांगले घोड्याएवढे असते आणि डोळ्यांवर प्रकाश पडला की जागीच उभे राहते. शिवाय आमची काळी जमीन. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावरच्या रस्त्याला लाटा येतात. डांबर नवे असले तरी.

अशा रस्त्यावर 'चालवायला कशी आहे' हा चैनीचा प्रश्न राहत नाही. गणिताची बाई आहे, म्हणून एक उदाहरण सोडवून दाखवते. पुढे कोळशाचा ट्रक ताशी ५० किलोमीटरने चालला आहे. तुम्ही त्याच्या मागे १५ मीटरवर. ट्रकची लांबी १२ मीटर धरा, तुमची ४, आणि पुढे गेल्यावर १५ मीटर सोडून मग आपल्या बाजूला यायचे. म्हणजे ट्रकपेक्षा ४६ मीटर जास्त कापायचे. समोरून येणारा ८० ने येतो आहे. तुम्हीही ५० वरून ८० वर जाणार. हा वेग गाठायला एका मोटारीला ६ सेकंद लागले, तर पुढे सुमारे साडेतीनशे मीटर रस्ता मोकळा हवा. दुसरीला १० लागले, तर सव्वाचारशे. मधले पाऊणशे मीटर म्हणजे संसार आहे हो! आणि ते मोटारीच्या जाहिरातीत कुठेच छापलेले नसतात. चौथ्या गिअरमधून तिसऱ्यात लोण्यासारखा शिरणारा दांडा, पाय दाबताच उत्तर देणारे इंजिन, बोटाच्या इशाऱ्यावर आपल्या बाजूला परतणारे स्टिअरिंग, या गोष्टींना पोरे 'मजा' म्हणतात. मी त्यांना आज्ञाधारकपणा म्हणते. वस्तू एकच.

हा शोध काही माझा नाही. आपल्या वडिलांच्या पिढीपुढे निवड होती ती बहुधा दोनच मोटारींची. एक उत्तरपाड्याची अँबेसिडर, दुसरी कुर्ल्याची फियाट. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने आधी तिचे ते पाठ वाकलेले रूप काढले, त्याला आपल्या लोकांनी प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हटले. १९६४ ची डिलाइट आणि पुढे सत्तरच्या दशकातली पद्मिनी ही तिचीच भावंडे. अँबेसिडर ऐसपैस. सरकारी साहेब, मंत्री आणि वऱ्हाडी यांच्या सोयीची. तिच्यात ड्रायव्हर ठेवून बसायचे. पण ज्याला स्वतः हाकायची असे तो डॉक्टर किंवा वकील फियाट घेई. इंजिन १०८९ सी.सी.चे, अश्वशक्ती चाळीसच्या आसपास, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला. आजच्या मानाने आकडे किरकोळच. तरी त्या मोटारीवर माणसे किती जीव टाकीत! मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी एखाद्या नटीला द्यावा तसा निरोप दिला.

मग १४ डिसेंबर १९८३ उजाडला. दिल्लीत इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हाती पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली. इंजिन तर आणखी लहान, ७९६ सी.सी. पण मोटारीचे सारे वजनच साडेसहाशे किलोंच्या आसपास! मी शिकले ती याच मोटारीवर, भावाच्या. हलकेपणात केवढे सुख असते ते तिने देशाला शिकवले. सुरक्षिततेच्या आजच्या कसोट्यांना मात्र ती उतरली नसती, हेही तितकेच खरे. २०१४ साली ती आणि अँबेसिडर, दोघींचे उत्पादन थांबले.

आज पेच उलटा आहे. निवड एवढी, की डोके भणभणते. आम्ही नागपूरच्या एका दुकानात गेलो. (दुकान म्हटले की त्यांना राग येतो, शोरूम म्हणायचे.) विक्रेता तरुण, नम्र, टाय लावलेला. मी विचारी, तो उत्तर यांना देई! "सर, अश्वशक्ती इतकी", "सर, ब्लूटूथ असे". हे खूश होऊन मान डोलवीत होते. अर्ध्या तासाने मी म्हटले, "बाळ, सरांना मोटार चालवता येत नाही." त्यानंतर तो माझ्याकडे वळला आणि मला छतातली काच दाखवू लागला. सनरूफ! मे महिन्यात आमच्याकडे पारा सेहेचाळीसला टेकतो. चंद्रपूर-वणीच्या मुलखात छपराला भोक पाडून वर काच बसवायची आणि खाली वातानुकूलन यंत्राने ती आग विझवायची, याला काय म्हणावे? बरे, काच, तिची चौकट आणि मोटर यांचे वजन कुठे, तर डोक्यावर. आणि मोटारीत वजन जितके वर तितकी ती वळणावर अधिक कलते.

उंच मोटारींचा सोस हा त्याचाच भाऊ. हल्ली प्रत्येकाला जीपसारखी दिसणारी मोटार हवी. खड्ड्यांच्या मुलखात जमिनीपासूनची उंची लागते, कबूल. पण माझ्या यादीतल्या साध्या मोटारी १६३ ते १६५ मिलिमीटरच्या होत्या आणि माणसे बसवूनही मारेगावच्या एकाही गतिरोधकाला त्यांचे पोट लागले नाही. उंच मोटार वाईट नव्हे. ज्यांना शेतापर्यंत पांदण रस्त्याने जायचे आहे त्यांनी अवश्य घ्यावी. मला पांदण नाही, आणि सासूबाईंना झोके सोसत नाहीत; मागच्या बाकावर झोके बसले की हिंगणघाटाच्या आत त्यांना मळमळते.

इथे एक गैरसमज दूर करते. चालवणाऱ्याची मजा ती मागच्यांची सजा, असे बायका समजतात. तसे असतेच असे नाही. ब्रेक दाबला की तो किती लागणार, हे पायाला आधीच कळत असेल तर मोटार हळुवार थांबवता येते. क्लच अचूक असेल तर हिसका बसत नाही. मागच्या बाकावरचे पोट हे चालवणाऱ्याच्या हातापायांवर अवलंबून, आणि हातपाय मोटारीच्या आज्ञाधारकपणावर.

टायरच्या बाबतीत मला उत्तम सल्ला मिळाला तो आमच्या गावच्या मिस्त्रीकडून. "मॅडम, गाडी कोनतीबी घ्या, पन पातळ टायरची नोका घेऊ." घरी येऊन हिशेब केला. टायरवर १६५/८० आर १४ असे लिहिलेले असते. त्यातला पहिला आकडा रुंदीचा, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के भिंत आहे त्याचा, तिसरा रिंगच्या इंचांचा. म्हणजे इथे भिंत १३२ मिलिमीटर. त्याच मोटारीच्या महागड्या प्रकाराला १८५/६० आर १६ येतो; दिसायला झोकदार, पण भिंत १११. खड्ड्यात पडल्यावर आधी भिंत दबते, मग रिंग. हे २१ मिलिमीटर कमी करून घेण्यासाठी वर जास्त पैसे मोजायचे!

इंधनाचे झटपट आटोपते. डिझेलची ओढ मला होती, पण २०२० पासूनच्या नियमांनी डिझेल मोटारीच्या धुराड्यात काजळीची गाळणी आली आहे, आणि ती साफ राहायला लांब पल्ल्याची धाव लागते. रोजच्या वणीच्या फेरीत ती तुंबायची. गॅसच्या टाकीने सामानाची जागा जाते आणि इंजिनाचा जोम थोडा उतरतो. विजेची मोटार चालवायला सर्वांत सुखाची, हे मी एका सहकाऱ्याच्या मोटारीत अनुभवले. पण नऊ लाखांत नागपूरची जा-ये निर्धास्त करील अशी मला मिळेना. राहिले पेट्रोल. त्यात आता वीस टक्के इथेनॉल असते, त्यामुळे जाहिरातीतल्या आकड्यातून थोडे वजा धरूनच चालावे.

आपोआप गिअर बदलणारी स्वस्त मोटारही पाहिली. तिच्यात क्लच दाबणारे एक यंत्र असते, एवढेच. गिअर बदलताना ते क्षणभर थबकते. शहरातल्या गर्दीत गुडघ्यांना आशीर्वाद. ट्रकच्या बाजूला असताना मात्र तो क्षण मला नको होता.

पुण्याचा पुतण्या फोनवर म्हणाला, "काकू, जुनी पोलो घ्या. चालवण्यात तिला तोड नाही." खरे आहे. चाकणला बनणारी ती फोक्सवॅगन रस्त्याला चिकटून जाई, आणि जाणकार अजून तिचे नाव काढतात. पण २०२२ साली तिचे इथले उत्पादन थांबले. फोर्डची फिगोही तशीच गुणी, तर फोर्डने २०२१ मध्ये देशातले कारखाने बंद करण्याचे जाहीर केले. पुण्यात राहत असते तर पुतण्याचे ऐकले असते. मारेगावात, इंजेक्शनच्या आदल्या रात्री, सुट्या भागासाठी नागपूरच्या कुरिअरची वाट पाहणे मला परवडणारे नव्हते.

शेवटी दोन राहिल्या: मारुतीची स्विफ्ट आणि टाटांची अल्ट्रॉझ. स्विफ्टचे इंजिन ११९७ सी.सी., ८२ अश्वशक्ती, वजन सव्वानऊशे किलोंच्या घरात. अल्ट्रॉझ ११९९ सी.सी., ८८ अश्वशक्ती, वजन हजारावर थोडे. एकटीने चालवली तेव्हा स्विफ्ट खारीसारखी पळाली. माझे मन तिने तिथेच जिंकले. टनाला किती अश्वशक्ती पडते ते काढले, तर स्विफ्ट साधारण ८९, अल्ट्रॉझ ८५. पण मोटार कुटुंबाची. तिच्यात आम्ही पाचजण, डबे आणि पाण्याचा कॅन, मिळून ३०० किलो टाकले, तर आकडे ६७ आणि ६६! हलकीची आघाडी माणसे बसताच जवळजवळ संपली. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे, की चाचणी घेताना सारे बिऱ्हाड घेऊन जा. विक्रेता दीड किलोमीटरची सपाट फेरी देईल; ती नको म्हणा. खराब रस्ता मागा, उड्डाणपुलाचा चढ मागा, तिथे तिसऱ्या गिअरमध्ये दाबून पाहा, आणि मोकळी जागा पाहून एकदा ब्रेक जोरात लावा. आमचा विक्रेता घाबरला, पण नाही म्हणाला नाही.

आणि बुटक्या बायकांनो, आसनाची उंची वरखाली करता येते का ते आधी पाहा. ज्याला बॉनेटची कड दिसत नाही त्याला कसली मजा आणि कसली सुरक्षितता! ही सोय बहुधा सर्वांत स्वस्त प्रकारात नसते, मधल्यात असते. मधल्या प्रकाराचे पैसे मी याच एका गोष्टीसाठी आनंदाने मोजले.

निकाल मात्र सासूबाईंनी लावला. दोन्ही मोटारींत त्या तीनतीनदा बसल्या, उतरल्या. अल्ट्रॉझची दारे काटकोनात, पूर्ण नव्वद अंश उघडतात. एक हात दारावर, एक आसनावर टेकून त्या एकट्या उतरल्या, आणि धुरकट डोळ्यांनी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सूनबाई, याच्यातून मले कोनाच्या हाताबिगर उतरता येते." विषय मिटला. खारीचा मोह मी सोडला. पण मिळाली तीही काही कमी नाही. वेगात ती जमिनीला धरून राहते आणि स्टिअरिंग हाताला रस्त्याची बातमी देत राहते. या मोटारीच्या पहिल्या रूपाला जानेवारी २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले होते, ही गोष्टही मनात होतीच. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची चाचणी, भारत एनकॅप, सुरू झाली आहे. तिचे तारे विचारायला लाजू नका.

तारे असोत की एअरबॅगा, मागच्या बाकावरही पट्टा लावलाच पाहिजे. सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ गेले ते महागड्या, भक्कम मोटारीत. पण मागे बसलेल्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. सासूबाईंना पट्टा काचतो, म्हणून मी खांद्यापाशी जुन्या लुगड्याची घडी बांधून दिली आहे.

पैशाचे शेवटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, बाराशे सी.सी.पर्यंतच्या पेट्रोल मोटारींवरचा जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि वरचा उपकरही गेला, त्यामुळे आमचे नऊ लाख पुरले. पण दुकानातली किंमत ती खरी किंमत नव्हे: आपल्या राज्यात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल मोटारीला ११ टक्के रस्ताकर, त्यावर तीन वर्षांचा सक्तीचा तिऱ्हाइताचा विमा, नोंदणी, आणि मग विक्रेत्याची 'ॲक्सेसरीज'ची यादी. यादीवर मी शाळेतल्या लाल पेनाने काट मारली. पायपुसणी तेवढी ठेवली.

ताबा घेताना टायरवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. पाचव्या, म्हणजे स्टेपनीच्या टायरवरचेही वाचा. आमच्या स्टेपनीचा टायर बाकीच्यांहून वर्षभर जुना निघाला. विक्रेत्याने तो हसतमुखाने बदलून दिला, कारण पैशाचा शेवटचा हप्ता अजून माझ्या पर्समध्ये होता.